स्प्रिंटर फुकटचं जिंकत नाही

टूर द फ्रान्सचे, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या, टप्प्याटप्प्याच्या सायकल शर्यतीचे दिवस आले की नाशिकच्या सायकलिंग ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: स्प्रिंटर, म्हणजे टप्प्याच्या शेवटी जोरात वेग लावून जिंकणारा, दिवसभर वाऱ्यापासून इतरांच्या आडोशाला बसतो आणि शेवटच्या 200 मीटरला मांड्यांच्या जोरावर, धक्काबुक्की करून पुढे घुसतो. दोन-चार शर्यती हरला की त्याचा फॉर्म गेला आणि तिशी उलटली की तो संपला. खरा सायकलपटू तो, जो घाट चढतो आणि लांब पल्ला मारतो.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे चटकन पटतं. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली, पंढरपूरची सायकलवारीही इथूनच निघते. या शहराला सहनशक्तीचं मोल कळतं, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. म्हणूनच स्प्रिंटरची सहनशक्ती आपल्याला दिसू नये याचं वाईट वाटतं.

आडोशाचं आधी बघू. स्प्रिंटर दुसऱ्याच्या चाकामागे बसतो हे खरं. पण एकूण विजेतेपदाच्या पिवळ्या जर्सीचा दावेदारही तेच करतो, त्याला कोणी लपला म्हणत नाही. शिवाय डोंगरात हा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही आणि तिथे ठरलेल्या वेळेत पोहोचला नाही तर स्प्रिंटर थेट घरी जातो. 2018 मध्ये ला रोझिएरच्या चढावर मार्क कॅव्हेंडिश आणि मार्सेल किटेल हे नावाजलेले स्प्रिंटर दोघेही असेच बाद झाले. 2021 मध्ये कॅव्हेंडिशने वालाँसला टप्पा जिंकला, दुसऱ्याच दिवशी माँ व्हाँटू हा 1900 मीटरहून उंच डोंगर दोनदा चढला आणि त्यानंतर दोन दिवसांनी कार्कासोनला टूरमधला आपला 34वा टप्पा जिंकून एडी मर्क्सच्या सर्वाधिक टप्पे जिंकण्याच्या विक्रमाची बरोबरी केली. कसारा घाट एकदा चढून दम लागलेल्यांनी तरी याला आयतं जिंकणं म्हणू नये.

आता मांड्या. इथे संदेश सर्वांत जास्त चुकतो. शेवटच्या 10-15 सेकंदांत हजार-दीड हजार वॉट काढावे लागतात, त्यामुळे ताकद हवीच. पण हवेला भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 वरून 66 किलोमीटरवर जायचं तर जवळपास एक तृतीयांश शक्ती जास्त लागते. म्हणून जो अंग लहान करून हवेला कमी अडतो, तो कमी वॉटमध्येही पुढे जातो. किटेल 188 सेंटिमीटर उंच, तर दुसरा स्प्रिंटर केलेब इवान जेमतेम 165. इवान हँडलच्याही पुढे झुकून नाक चाकाजवळ नेत असे. 2019 मध्ये त्याने टूरचे तीन टप्पे जिंकले, त्यातला एक पॅरिसचा. केवळ मांड्यांचा हिशेब असता तर तो पहिल्या दहातही दिसला नसता.

आणि हे 200 मीटर सुरू होण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये संघातले गडी एकामागून एक वारा अंगावर घेतात आणि बाजूला होतात. शेवटचा लीडआऊट गडी ताशी 60 च्या पुढे ओढत नेतो आणि स्प्रिंटरला मोकळी वाट करून देतो. समोरून वारा असेल तर थांबायचं, पाठीशी असेल तर लवकर निघायचं, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. 2009 मध्ये मार्क रेनशॉ या अशाच गड्याने पॅरिसमध्ये कॅव्हेंडिशला असं सोडलं की रेनशॉ स्वतःच दुसरा आला! रेषेवर चाक पुढे झोकणं ही तर वेगळीच विद्या आहे. 2017 मध्ये न्वी-सँ-जॉर्जला किटेल 200 हून अधिक किलोमीटरनंतर सहा मिलिमीटरने जिंकला.

धक्काबुक्की चालते हेही चूक. आपली रेषा सोडून दुसऱ्याला अडवलं की क्रमांक जातो, 2024 च्या टूरमध्ये दिजाँला स्प्रिंटर यास्पर फिलिप्सनचा गेला तसा. 2020 मध्ये पोलंडमधल्या शर्यतीत स्प्रिंटर फाबियो याकोब्सेनचा जीव जाता जाता वाचला आणि त्याला अडवणाऱ्या डिलन ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. शिवाय शर्यतीत निदान रस्ता बंद असतो. हा संदेश वाचून कोणी रविवारी त्र्यंबक रोडवर ट्रकांच्या मधून खांद्याला खांदा घासत स्प्रिंट मारू नये, ही कळकळीची विनंती.

फॉर्मबद्दल तर आपण फारच उतावळे आहोत. निकालात नाव नाही म्हणजे पाय गेले, असं नसतं. 2024 च्या टूरमध्ये फिलिप्सन पहिल्या नऊ टप्प्यांत एकदाही जिंकला नाही, पण त्यातल्या दोन टप्प्यांत तो दुसरा होता. पुढे त्याने तीन टप्पे जिंकले. फॉर्म बघायचा तर शेवटच्या किलोमीटरच्या लाल कमानीखाली तो कितव्या जागी आहे, कोणाचं चाक धरून आहे आणि बसलेल्या जागेवरून उठून किती अंतर भरून काढतो, ते बघावं.

कॅव्हेंडिशला 2016 नंतर पाच वर्षं टूरमध्ये विजय नव्हता. एपस्टीन-बार विषाणूचा आजार झाला, अपघातात खांदा मोडला. 2021 मध्ये संघातला स्प्रिंटर सॅम बेनेट याचा गुडघा दुखावला म्हणून कॅव्हेंडिशला संघात जागा मिळाली आणि लीडआऊट गडी मिखाएल मोर्कोव्हच्या मागून त्याने चार टप्पे व सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी जिंकली. मग 3 जुलै 2024 ला साँ-व्हुल्बासमध्ये विक्रमी 35वा टप्पा. तेव्हा त्याचं वय 39 होतं, आणि त्या दिवशी दुसरा आला तो 26 वर्षांचा फिलिप्सन.