म्हणे, इंग्रज सभ्य होते म्हणून सत्याग्रह चालला!

अहिंसेने जगात कधीच काही मिळालं नाही, हे पाच मुद्द्यांत ‘सिद्ध’ करणारा फॉरवर्ड दर ऑक्टोबरात उगवतो. आजवर बघून सोडून देत होते. या वेळी अकरावीतला भाचा तो वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करताना सापडला, तेही हातवाऱ्यांसकट. मग लिहायला बसलेच.

मुद्दे असे: इंग्रज सभ्य होते म्हणून सत्याग्रह चालला, हिटलरपुढे चालला नसता, स्वातंत्र्य नौदलाच्या बंडामुळे मिळालं, शांततेसाठी काढलेल्या संस्थांनी एकही युद्ध टाळलं नाही, आणि अहिंसा म्हणजे भित्र्यांचं तत्त्वज्ञान.

सभ्य इंग्रज! जालियनवाला बाग शाळेच्या पुस्तकात असते, ती सोडा. 1930 या एकाच वर्षात आपल्या आसपास काय झालं ते बघा. सोलापुरात मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घालणं गुन्हा ठरलं, आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहाच्या वेळी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवणारा बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. एवढी सभ्यता पुरे की अजून हवी?

त्याच वर्षी 23 एप्रिलला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात घडलेली गोष्ट तर फॉरवर्डवाल्यांनी मुद्दाम वाचावी. खान अब्दुल गफार खानांचे खुदाई खिदमतगार म्हणजे पठाणांची संघटना. सूड घेणं ही ज्यांच्याकडे इज्जतीची बाब, त्या पठाणांची. लाल गणवेश, कवायत, हुद्दे, सगळं फौजेसारखं. फक्त हत्यार नाही, आणि सूड घेणार नाही अशी खुदाला साक्षी ठेवून घेतलेली शपथ. नेत्यांना पकडलं म्हणून लोक बाजारात जमले. गोळीबार झाला, माणसं पडली, तरी गर्दी हटेना. पण सरकारच्याच फौजेतल्या गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने निःशस्त्र माणसांवर गोळी चालवायला साफ नकार दिला. शिपायांचं कोर्ट मार्शल झालं, त्यांचं नेतृत्व करणाऱ्या चंद्रसिंह गढवालींना जन्मठेप झाली. (गांधीजींनी या शिपायांची पाठराखण केली नाही, हे मला आजही पटत नाही.) सरकारला घाम फुटला तो इथे.

कारण सरकार सभ्य की क्रूर, हा प्रश्नच दुय्यम आहे. व्हॉइसरॉय स्वतः गोळी झाडत नाही, शेतसारा गोळा करत नाही, रेल्वे हाकत नाही. ती कामं दुसऱ्या कोणाचे तरी हात करतात. ते हात थांबवायचे कसे, एवढाच अहिंसक लढ्याचा हिशोब. त्यात समोरच्याच्या मनाचा मोठेपणा धरलेलाच नसतो. आणि हात थांबवायला नुसता सद्भाव पुरत नाही, संघटना लागते.

आता हिटलर. इथे थोडं मान्य करावं लागेल. छळछावण्या सैन्यांनी उघडल्या, सत्याग्रहींनी नव्हे. 1938 साली गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना दिलेला अहिंसक प्रतिकाराचा सल्ला आज वाचताना त्रास होतो. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी त्याला तेव्हाच उत्तर दिलं होतं. पण ‘नाझींपुढे काहीच चाललं नसतं’ हे थापेबाजपणाचं आहे. 1942 साली नाझींनी व्यापलेल्या नॉर्वेत त्यांच्या तालावर नाचणाऱ्या क्विसलिंगच्या सरकारने सगळ्या शिक्षकांना आपल्या संघटनेत कोंबायचं ठरवलं. हजारो शिक्षकांनी आधीच ठरवलेल्या मजकुराची नकाराची पत्रं आपापल्या सहीने धाडली. हजाराहून जास्त जणांना अटक झाली, शेकडोंना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीवर पाठवलं. संघटनेचा बेत मात्र बारगळला आणि वर्ष संपायच्या आत शिक्षक घरी परतले. समोर इंग्रज नव्हते.

भाच्याला म्हटलं, पाठच करायचं तर हे कर. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी 1900 ते 2006 या काळातले 323 लढे तपासले: राजवट उलथवण्याचे, परकी सत्ता हटवण्याचे, फुटून निघण्याचे. अहिंसक लढ्यांपैकी 53 टक्के यशस्वी झाले, सशस्त्र लढ्यांपैकी 26 टक्के. चेनोवेथ सुरुवातीला स्वतःच साशंक होत्या. ‘कधीच काही मिळालं नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी ही यादी खोडून दाखवावी.

नौदलाचं बंड मोठं होतं, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनीही सरकार हादरलं होतं. हे अर्धं खरं, घ्या. पण फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या तळावर सुरुवात कशाने झाली? निकृष्ट जेवण नाकारून, संपाने.

संस्थांबद्दल म्हणाल तर पहिल्या महायुद्धानंतर निघालेला राष्ट्रसंघ मांचुरियात जपानपुढे आणि ॲबिसिनियात इटलीपुढे तोंडावर आपटला, खरं आहे. पण स्वीडन आणि फिनलंडमधला आलांड बेटांचा वाद 1921 मध्ये त्यानेच मिटवला: बेटं फिनलंडची, भाषा स्वीडिश, लष्कर नाही. ती व्यवस्था अजून टिकून आहे. न झालेल्या युद्धाचा फॉरवर्ड कोण करणार?

भित्रेपणाचं उत्तर गांधीजींनी 1920 मध्येच लिहून ठेवलंय: भित्रेपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन. विषय संपला.

खरी टीका करायचीच असेल तर ती वेगळी आहे. 2010 नंतर अहिंसक चळवळींचं यश घसरलं. चेनोवेथ यांच्याच 2020 च्या लेखात ते 34 टक्क्यांच्या खाली आहे (सशस्त्र लढ्यांचं 8). त्या सांगतात त्या कारणांपैकी एक असं की समाजमाध्यमांमुळे एका रात्रीत लाखभर माणसं रस्त्यावर येतात, पण मोर्चानंतर संप आणि असहकार चालवायला मागे बांधलेली संघटना नसते. गावोगाव फिरून माणसं जोडणारे खिदमतगार नेमके याच्या उलट होते. आजच्या घाईत तशी संघटना कोण आणि कशी बांधणार, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे तयार उत्तर नाही.