टॉकीज पडते तेव्हा रद्दीत काय काय जातं

पुण्यात मंडईजवळ गाडी लावायची असेल तर आपण 'आर्यन'ला लावतो, नाहीतर 'मिनर्व्हा'ला. आज हे दोन्ही महापालिकेचे वाहनतळ आहेत. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह, गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली सुरू केलेलं. मिनर्व्हा हीसुद्धा मंडईतलीच टॉकीज. गणपतीची विसर्जन मिरवणूक 'अलका चौका'त संपते, पाटीवर लोकमान्य टिळक चौक असं लिहिलेलं असलं तरी. पर्वतीकडे जाताना नीलायमचा पूल लागतो, स्वारगेटजवळ लक्ष्मीनारायणचा चौक. नागपूरकरांना व्हरायटी चौक सांगावा लागत नाही, अमरावतीकरांना राजकमल आणि श्याम चौक. मुंबईत जोराचा पाऊस झाला की दरवर्षी बातम्यांत 'हिंदमाता' येतंच.

आपल्या शहरांचे पत्ते टॉकीजच्या नावांवर चालतात. पण यातल्या कुठल्याही टॉकीजबद्दल खात्रीची दोन पानं वाचायला मागा, बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. मिळतात त्या आठवणी. कुणी कुठला सिनेमा किती वेळा पाहिला, तिकीट किती पैशांचं होतं, मध्यंतरात वडा कसा मिळायचा, पडद्यावर चिल्लर कशी उडायची. मला त्या वाचायला आवडतात. पण शंभर पोस्टींमध्ये त्याच आठवणी पुन्हा पुन्हा येतात आणि आपल्याला वाटतं की इतिहास लिहून झाला. तो झालेला नाही. जागा कुणाची होती, भाडेपट्टा किती वर्षांचा, बांधकाम कुणी केलं, आधी नाटकाचं थिएटर होतं का, बोलपटाचं यंत्र कधी बसलं, नाव किती वेळा बदललं, तिथे पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेली माणसं कोण, आणि शेवटी बंद का पडलं? या प्रश्नांना गावात कुणाकडेच उत्तर नसतं.

प्रभातचंच घ्या. अप्पा बळवंत चौकातलं हे थिएटर १९३४ साली सुरू झालं आणि पुढे मराठी सिनेमाचं घर म्हणूनच ओळखलं गेलं. २०१४ च्या अखेरीस 'प्रभात बंद होतंय' म्हणून सगळं पुणं हळहळलं. पण मुळात काय घडत होतं? जागा किबे कुटुंबाची, थिएटर चालवत होते दामले, आणि भाडेकरार संपला होता. नंतर तीच वास्तू 'किबे लक्ष्मी थिएटर' म्हणून पुन्हा उघडली. ऐंशी वर्षांच्या एका कराराभोवती शहराचं अख्खं सांस्कृतिक आयुष्य उभं राहिलं होतं, आणि तो करार संपेपर्यंत कुणाला माहीतसुद्धा नव्हता. हळहळ खरी होती, पण माहिती नव्हती.

दक्षिण मुंबईची स्थिती बरीच बरी आहे. रीगल १९३३ चं, इरॉस १९३८ चं. ओव्हल मैदानाच्या परिसरातल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यात ही दोन्ही थिएटरं आहेत. त्यांचे नकाशे, नक्षी, अक्षरं, जिने, दिवे, सगळं कुणीतरी टिपून ठेवलंय. फार मोलाचं काम आहे हे. रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होतं, ते २०१६ साली पुन्हा उघडलं तेव्हा मनापासून आनंद झाला.

पण हा वास्तुरचनेचा इतिहास आहे. देखणी इमारत असेल तरच तो लिहिला जातो. तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या टॉकीजला नक्षी कुठून असणार? तिथे होत्या लाकडी खुर्च्या, पुढे बाकडी, त्याच्याही पुढे जमीन. तिचा इतिहास भिंतींवर सापडणार नाही, तो कागदांत आणि माणसांत आहे. आणि या दोन्ही गोष्टी इमारतीच्या आधी नाहीशा होतात.

गिरगावातही हेच झालं. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' जिथे लोकांसमोर आला ते कोरोनेशन, सँडहर्स्ट रोडवरचं, म्हणजे आजच्या सरदार पटेल रस्त्यावरचं. ते आज उभं नाही. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' जिथे लागला ते मॅजेस्टिक; तिथे आता व्यापारी संकुल आहे. मराठी वाचकाला 'मॅजेस्टिक' म्हटलं की पुस्तकं आठवतात, कारण कोठावळ्यांचा बुक स्टॉल त्या सिनेमागृहाच्या आवारात उभा राहिला. पहिला भारतीय बोलपट आणि मराठी पुस्तकांचं एवढं मोठं दुकान एकाच आवारातलं! ज्या रस्त्यावर हे घडलं तिथून रोज हजारो माणसं जातात. तिथे काय होतं, किती लोक बसायचे, कोण बसायचं, हे सांगणारं त्या रस्त्यावर काही नाही.

आणि थिएटरात फक्त सिनेमेच घडत नाहीत. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. पुढे तिथेच सिनेमे लागू लागले. पुण्यात कॅम्पातलं व्हिक्टरी पूर्वी कॅपिटॉल होतं. गोरे सैनिक तिथे इंग्रजी सिनेमे बघायला यायचे. २४ जानेवारी १९४३ ला तिथे बॉम्बस्फोट झाला, छोडो भारत चळवळीतलं हे 'कॅपिटॉल प्रकरण'. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम करणाऱ्या भास्कर कर्णिकांनी फरासखाना चौकीत विष घेऊन प्राण दिले, पण साथीदारांची नावं पोलिसांच्या हाती लागू दिली नाहीत. दादरच्या प्लाझाने १२ मार्च १९९३ चा स्फोट सोसला. या घटना इतिहासाच्या पुस्तकांत येतात, पण तिथे थिएटर म्हणजे फक्त घटनास्थळ असतं. कॅपिटॉलमध्ये गोरे सैनिकच का जमायचे, शहरातल्या पेठांतली टॉकीज आणि कॅम्पातली टॉकीज यांचे प्रेक्षक इतके वेगळे का होते, हे थिएटरचा इतिहास हातात घेतल्याशिवाय कळणार नाही.

आता रद्दीबद्दल. एका तालुक्याच्या गावी जुनी टॉकीज पाडायला घेतली तेव्हा मी तिथे होतो. खुर्च्यांचे लोखंडी सांगाडे ट्रकमध्ये चढत होते आणि ऑफिसच्या खोलीतून सुतळीने बांधलेले वह्यांचे गठ्ठे बाहेर येत होते. डीसीआर. टॉकीजच्या धंद्यातल्या माणसाला हा शब्द सांगावा लागत नाही: डेली कलेक्शन रिपोर्ट. प्रत्येक खेळाला कुठल्या वर्गाची किती तिकिटं गेली, करमणूक कर किती, कर वजा जाता किती, त्यातून वितरकाचे किती आणि थिएटरचे किती. रोज, न चुकता, सही-शिक्क्यासह. किलोच्या भावाने ते गठ्ठे गेले. मी एक गठ्ठा मागून घेतला, बाकीचे वाचवता आले नाहीत. पाडणाऱ्यांचा दोष नाही. त्या वह्या म्हणजे काय हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

घरी आणून चाळल्यावर कळलं की त्या गावाची नाडीच हातात आलीय. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ भरायचा, इतर दिवशी रिकामा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की खालच्या वर्गाची तिकिटं वाढायची आणि बाल्कनी होती तिथेच राहायची. पाऊस लांबला की सगळंच बसायचं. गावाचा अर्थव्यवहार इतक्या बारकाईने, रोजच्या रोज, दुसऱ्या कुठल्या कागदावर नोंदला गेला असेल असं मला वाटत नाही. ग्रामीण महाराष्ट्रावर संशोधन करणाऱ्यांनी या वह्या हुंगत फिरायला हवं होतं.

माणसांचं त्याहून अवघड आहे. ऑपरेटरच्या केबिनमधलं कसब आता थोड्याच लोकांच्या हातात उरलंय. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवायची, कांड्या जळत जातील तसं अंतर सांभाळत राहायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू. दुसरा ठिपका दिसला की बदल, आणि प्रेक्षकाला पत्ताही लागता कामा नये. जुन्या नायट्रेट फिल्मला क्षणात आग लागायची, म्हणून केबिनच्या खिडक्यांना लोखंडी झडपा आणि दाराशी वाळूच्या बादल्या. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये लावायची असेल तर पहिलं रीळ संपताच पोऱ्या सायकलवर ते घेऊन सुटायचा. साधारण २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत सिनेमा डिजिटल झाला, कॅनमधली रिळं गेली, आणि ही माणसं एकदम निवृत्त झाली. त्यातले बरेच आज सत्तरी-ऐंशीत आहेत. व्ही. शांताराम हुबळीच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये पडेल ते काम करत शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो, कारण ते पुढे शांताराम झाले. जे आयुष्यभर केबिनमध्येच राहिले त्यांची मुलाखत घ्यायला कुणी जात नाही.

बायकांनाही विचारायला हवं, आणि वेगळं बसवून विचारायला हवं. कितीतरी गावांत बायकांची तिकीट खिडकी वेगळी होती, बसायची जागा वेगळी होती. आजीला 'कुठला सिनेमा आवडला होता' असं विचारलं की ती हसून विषय बदलते. 'कुणाबरोबर गेली होतीस, घरी काय सांगून गेली होतीस, कुठे बसलीस, परत येताना वाटेत कोण होतं' असं विचारा, ती तासभर बोलेल. तसंच पुढच्या बाकड्यांवर कोण बसायचं आणि कुणाला पैसे असूनही बाल्कनीचं तिकीट घेववत नव्हतं, हेही विचारलं पाहिजे. सगळं गाव एका छपराखाली गुण्यागोविंदाने बसायचं, हे वाक्य मला अनेक लेखांत दिसतं. छप्पर एक होतं एवढं खरं.

आठवण मात्र पडताळून घ्यावी लागते, आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे. थिएटरं वर्तमानपत्रात जाहिराती द्यायची. पुण्यापुरतं बोलायचं तर 'ज्ञानप्रकाश' १९५१ पर्यंत चालला, 'केसरी' होताच, 'सकाळ' १९३२ पासून. जुने अंक ग्रंथालयांत बांधून ठेवलेले आहेत. जाहिरातीत थिएटरचं नाव, खेळांच्या वेळा, दर, 'स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय' असं सगळं असतं. नाव कधी बदललं, बोलपट कधी आले, सिनेमा खरंच किती आठवडे टिकला, हे तिथे पक्कं कळतं. परवान्यांचे कागदही आहेत. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून थिएटरला परवाना लागतो, आणि आपल्या राज्यात १९५३ च्या सिनेमा विनियमन कायद्याखाली त्याच्या फायली जिल्हाधिकारी कार्यालयात असतात, शहरात पोलीस आयुक्तांकडे. करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत विलीन झाला. त्या खात्याच्या जुन्या दप्तरांचं पुढे काय होणार, याची मला खरोखर काळजी वाटते. सिनेमाधंद्याच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या १९२७-२८ च्या रंगाचारियर समितीपुढच्या साक्षी तर छापील खंडांत उपलब्ध आहेत. त्यात खुद्द फाळक्यांची साक्ष आहे. आपल्या जिल्ह्यातलं कुणी तिथे बोललं होतं का, एवढं तरी प्रत्येकाने बघावं.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. पी. के. नायर यांनी सिनेमे वाचवण्यासाठी आयुष्य वेचलं, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण संग्रहालयाचा जीव सिनेमात असतो, तो असायलाच हवा. सिनेमा जिथे पाहिला गेला ती जागा सांभाळण्याचं काम गावाचं आहे. नगर वाचनालयं, महाविद्यालयांचे इतिहास विभाग, स्थानिक पत्रकार यांनी ते उचललं तर फार मोठ्या पैशाची गरज नाही. मराठी किंवा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी प्रकल्प करावाच लागतो. निम्मे प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेले असतात. त्याऐवजी एका मुलाला एक टॉकीज द्या.

सगळी थिएटरं वाचवा, असं मी म्हणत नाही. आधी रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आले, मग मल्टिप्लेक्स आले आणि त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सवलत मिळाली. एकपडदा थिएटरांच्या वाट्याला ती आली नाही. जागेचे भाव वाढले, वारसदार वाढले. बाराशे खुर्च्यांत चाळीस माणसं बसत असतील तर मालकाने काय करायचं? पाडायचं असेल तर पाडा, पण पाडण्याआधी महिनाभर कुणाला तरी आत येऊ द्या. केबिनचे फोटो, सगळ्या बाजूंची मापं, वह्या, काचेच्या स्लाइड, गाण्यांच्या चोपड्या, नोकरांचं हजेरीपत्रक. बांधकाम परवानगी देताना महापालिका झाडांचा हिशेब मागते. तसा या गोष्टींचाही एक कागद मागावा, असं माझं ठाम मत आहे.

सध्या मी मंडईच्या थिएटरांवर काम करतोय, त्यामुळे एक मागणं. मंडई आणि गणपती वेगळे करता येत नाहीत, तेव्हा तुमच्या घरी जुन्या मिरवणुकीचे फोटो असतील तर एकदा मागची बाजू नीट बघा. गणपतीच्या, ढोलताशाच्या मागे आर्यनची किंवा मिनर्व्हाची दर्शनी भिंत, सिनेमाचा फलक, तिकिटाची रांग दिसण्याची खूप शक्यता आहे. फलकावर सिनेमाचं नाव वाचता आलं तर फोटोचं सालही सापडतं. मूळ फोटो मला नको, तुमच्याकडेच ठेवा. चांगल्या उजेडात मोबाइलवर टिपून मेसेजमध्ये पाठवा, आणि फोटोत कोण आहे, कुणी काढला, कुठल्या खिडकीतून काढला हे माहीत असेल तेवढं लिहा. आणि ओळखीत कुणी जुना ऑपरेटर, डोअरकीपर किंवा बुकिंग क्लार्क असेल, मग तो कुठल्याही गावचा का असेना, तर या रविवारी त्यांच्याकडे चहाला जा आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग चालू करा. आवडते सिनेमे नंतर विचारा. आधी विचारा, पहिला पगार किती होता आणि रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर घरी कसे जायचात.