‘चालायला लागलं की गुडघा बसतो’. कुणाचा?

सध्या फॉरवर्ड होत फिरणारा सल्ला असा: जन्मतः बाळाचा गुडघा सैल असेल किंवा उलटा वाकत असेल तर घाबरू नका, जरा जोर लावून वाकवत राहा, चालायला लागलं की आपोआप घट्ट होतो. एक्स-रे साफ आला असेल तर विषयच संपला.

यात थोडं तथ्य आहे. लहान मुलांचे सांधे सैल असतातच. दोन्ही गुडघे सारखेच थोडे मागे जातात, कोपर आणि अंगठेही तसेच लवचिक, दुखणं नाही, अशा मुलाचा सैलपणा बहुधा वयाबरोबर कमी होतो.

पण उलटा वाकलेला गुडघा हे प्रकरणच निराळं. पाऊल बाळाच्या तोंडाकडे गेलेलं, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीच्या आडव्या घड्या. इथे नडगीचं हाड मांडीच्या हाडापुढे सरकलेलं असतं. साधारण 1 लाख जन्मांत असं 1 बाळ. आणि गंमत म्हणजे ज्याला आपण ‘सैल’ म्हणतोय तो गुडघा बहुतेकदा नीट वाकतच नाही, कारण मांडीचा पुढचा स्नायू आखडलेला असतो. चालण्याची वाट बघण्यात नेमके मोलाचे दिवस जातात. पहिल्या काही दिवसांत हलक्या हाताने थोडं थोडं वाकवून प्लास्टर घालतात, दर आठवड्याच्या सुमाराला बदलतात, आणि बऱ्याच बाळांचं ऑपरेशन टळतं.

घरी जोर लावणं तर नकोच. तान्ह्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची, म्हणजे मऊ, अजून हाड न झालेल्या भागाची वाढपट्टी असते; हाड लांबीला वाढतं ते तिथूनच. जोर लावला की सांध्याऐवजी तीच सरकू शकते, आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, वाकला!

एक्स-रेचं म्हणाल तर गुडघ्याची वाटी जन्मतः कूर्चेची असते, त्यात हाड दिसू लागतं साधारण 3 ते 6 वर्षांच्या दरम्यान. तोवर वाटी बाहेर सरकलेली असली तरी फिल्मवर दिसायची नाही, सोनोग्राफीत दिसते. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तर एक्स-रेत कधीच दिसत नाही. काही मुलांमध्ये, विशेषतः नडगीशेजारचं बारीक हाड आखूड असलेल्यांत, गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट जन्मतःच नसतं. त्यातली बरीच मजेत धावतात, पण चालून ते उगवत नाही.

खुब्याचं मात्र त्या मेसेजमध्ये नावही नाही. गुडघा निसटलेल्या बाळांत खुबाही निसटलेला सापडणं अगदी नेहमीचं, त्यामुळे पहिल्याच भेटीत तोही तपासून घ्या.