थंडरबर्डला त्या यादीतून काढा

'अमेरिकेतले गूढ प्राणी' छापाचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. त्यात जंगलातला केसाळ वानरमाणूस बिगफूट आणि जनावरांचं रक्त शोषणारा चुपाकाब्रा यांच्या पंक्तीला थंडरबर्ड या दंतकथेतल्या महापक्ष्यालाही बसवलेलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. चुपाकाब्राचा गाजावाजा १९९५ साली पोर्तो रिकोत सुरू झाला, म्हणजे तो कालचं पोर. थंडरबर्डचं प्रकरण वेगळं आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या आणि व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर मकाह, क्विल्यूट, नू-चा-नुल्थ हे मूळ रहिवासी राहतात. मकाह तर पिढीजात व्हेलची शिकार करणारे. त्यांच्याकडच्या कथांत हा अवाढव्य पक्षी व्हेलवर झडप घालतो. पंख फडफडले की गडगडाट. पंखांखाली विजेचे साप दडवलेले, तेच तो फेकून मारतो. व्हेलला पंजात उचलून डोंगराकडे नेताना झटापट होते, व्हेल खाली आदळतो, जमीन हादरते, समुद्र चढतो.

छान कल्पनाविलास, नाही का?

पण हा किनारपट्टा भूकंपाच्या दृष्टीनं शांत आहे असं बरेच भूशास्त्रज्ञ धरून चालले होते. १९८७ मध्ये भूशास्त्रज्ञ ब्रायन ॲटवॉटर यांनी तिथल्या दलदलीत अचानक खचलेली जमीन आणि तिच्यावर त्सुनामीनं पसरलेली वाळू दाखवली. कोपालिस नदीकाठी सीडरची वठलेली खोडं अजून उभी आहेत. जमीन खचली, मुळांशी खारं पाणी आलं आणि झाडं मेली. त्यांची वलयं सांगतात की १६९९ ची वाढ पुरी झाली, १७०० ची सुरूच झाली नाही. तिकडे महासागरापलीकडे जपानच्या जुन्या दप्तरांत जानेवारी १७०० मध्ये भूकंप न जाणवताच लाटा आल्याची नोंद होती. हिशेब जुळला: भूकंप झाला २६ जानेवारी १७००, रात्री नऊचा सुमार, तीव्रता ९ च्या आसपास. व्हँकुव्हर बेटावरच्या पचेना बेच्या हू-आय-अह्ट लोकांत तर रात्री जमीन हादरून अख्खं गाव वाहून गेल्याची आठवण थेट सांगितली जायची, पक्षीबिक्षी काही नाही.

'बघा, पुराणात सगळं आधीच होतं'वाल्यांनी लगेच खूश होऊ नये. तारीख झाडांनी आणि जपानी कारकुनांनी दिली, कथेनं नाही. प्रत्येक थंडरबर्ड म्हणजे भूकंप असंही नाही. कित्येक घराण्यांचं तो कुलचिन्ह आहे. पण या लोकांना कुणी वेळेवर विचारलं असतं, तर 'शांत पट्टा' म्हणायची हिंमत झाली नसती.

क्विल्यूट लोकांनी मात्र वाट पाहिली नाही. उंचावरच्या जागेसाठी ते सरकारच्या मागे लागले, २०१२ च्या कायद्यानं ती मिळवली, आणि २०२२ पासून त्यांच्या पोरांची शाळा लाटांच्या टप्प्याबाहेर वरती भरते.