दिवा लाल दिसला तर वर फडकं टाका

घरचं इंटरनेट बंद पडलं की काही पुणेकर लगेच बिघाड शोधायला लागतात. हा निव्वळ उतावळेपणा आहे. बिघाड सापडला की दुरुस्त होतो, दुरुस्त झाला की तक्रार संपते, आणि तक्रार संपली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगखेरीज बोलायला विषय उरत नाही. बिघाड रस्त्यावर आहे, मॉडेममध्ये आहे, वायफायमध्ये आहे की तुमच्या फोनमध्ये, हे शेवटपर्यंत कळू न देणं यातच खरं कसब आहे. त्यासाठी थोडी मेहनत घ्यावी लागते, पण जमतं.

सुरुवात जागेपासून करा. फायबर टाकायला आलेला मुलगा ड्रिल हातात घेऊन विचारतो, "काका, बॉक्स कुठे लावू?" त्याला म्हणायचं, "दिसणार नाही असा लाव." टीव्हीच्या शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, वर क्रोशाचा रुमाल, ही पारंपरिक जागा. दोन्ही डबे एकमेकांना गरम करतात, रुमाल वरची भोकं झाकतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी मॉडेम आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. याहून चांगली जागा म्हणजे लोखंडी कपाटाची मागची बाजू. पत्र्यातून वायफाय पार होत नाही, आणि मोठा आरसाही त्याच तोडीचा, कारण त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. माशांची टाकी असेल तर तीही मधे आणा, पाणी या लहरी मनसोक्त पितं. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना एवढे कष्ट नकोत, तिथल्या जाडजूड भिंतीच पुरतात. वाकड-हिंजवडीच्या नव्या टॉवरमधल्या मंडळींनीही वाईट वाटून घेऊ नये. मिवान पद्धतीच्या इमारतीत आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि पोटात सळया. विटांच्या भिंतीपेक्षा त्या सिग्नल जास्त खातात, म्हणून हॉलमधलं वायफाय मास्टर बेडरूमच्या दारापाशी दम टाकतं. मॉडेम घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीच्या उंचीला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला इंटीरिअरवाल्याचं बिल दाखवा.

अँटेनाचं टोक ज्या खोलीत नेट हवं तिच्याकडे रोखून धरा. उभ्या अँटेनाचा सिग्नल तिच्या चहूबाजूंना आडवा पसरतो आणि टोकाच्या दिशेला सगळ्यांत कमी जातो. वरच्या मजल्यावर नेट पोचू द्यायचं नसेल तर रो-हाउसमध्ये सगळ्या अँटेना सरळ वर करून ठेवणं हा हमखास उपाय आहे. एखादी आडवी केलीत तर मात्र पोचेल.

आता दिवे. मॉडेमवरचे दिवे दिवाळीसाठी नसतात, दुर्दैवाने त्यांना अर्थ असतो. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकतोय म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच मॉडेमपर्यंत पोचत नाही: फायबर तुटलंय, निसटलंय किंवा फार वाकलंय. एलओएस विझलेला आणि शेजारचा पॉन हा दिवा हिरवा पण लुकलुकता, म्हणजे प्रकाश येतोय, पण पलीकडच्या यंत्राने तुमच्या मॉडेमला अजून ओळख दिलेली नाही. पॉन स्थिर हिरवा आणि तरीही नेट नाही, तर भानगड पुढची: रिचार्ज संपलंय, युजरनेम-पासवर्ड पुसला गेलाय किंवा कंपनीकडेच काही अडलंय. एवढ्या माहितीवर अर्धं निदान घरबसल्या होतं, म्हणून दिव्यांवर फडकं टाका. कस्टमर केअरने "लाल दिवा लागलाय का?" असं विचारलं तर "सगळेच लागलेत हो" हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

एक आकडा मात्र कटाक्षाने टाळायला हवा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून, मॉडेमच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवरचा पासवर्ड दिला, की बऱ्याच मॉडेममध्ये ऑप्टिकल पॉवरचं पान उघडतं. तिथे आरएक्स पॉवर म्हणून, म्हणजे मॉडेमपर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद म्हणून, उणे डीबीएम या मापात एक आकडा असतो. घरगुती फायबरच्या नेहमीच्या मॉडेमला उणे ८ ते उणे २७ यांच्यामध्ये प्रकाश लागतो. उणे १८ ते उणे २४ असेल तर निवांत झोपावं. उणे २७ च्या पुढे गेला की नेट कधी चालतं, कधी रुसतं, आणि माणूस येईपर्यंत चालू झालेलं असतं. तो म्हणतो, "सर, चालतंय की!" आणि जातो. उणे आकड्यांत उणे १९ हे उणे २६ पेक्षा चांगलं, हे सातवीचं गणित इथे घात करतं, म्हणून "आकडा मोठा आलाय, छान" म्हणून खूश व्हा. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. एका फायबरचा प्रकाश स्प्लिटरमध्ये ३२ घरांना वाटला की तिथेच सतराएक डेसिबल खर्ची पडतात. उरलेलं नुकसान करायचं राहतं ते तुमच्या हातात.

आणि ते करायला भरपूर वाव आहे. मॉडेममागची ती पिवळी किंवा पांढरी वायर वायर नाही, काच आहे. आतला काचेचा धागा १२५ मायक्रॉनचा, आणि प्रकाश जातो तो त्याच्याही पोटातल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. साधं फायबर ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवलं की त्यातून प्रकाश गळायला लागतो. घरात टाकतात ते वाकणं सोसणारं फायबरही साडेसात ते दहा मिलिमीटरच्या खाली हात टेकतं. उरलेलं सहा मीटर फायबर खिळ्याभोवती घट्ट गुंडाळा, वर केबल टाय दातांनी ओढून आवळा. सोफ्याचा पाय त्यावर येऊ द्या. बाहेरून घरात घेताना भोक पाडू नका, उगाच भिंत खराब होते. स्लायडिंग खिडकीच्या रुळातून आणा, म्हणजे पावसाची सर आली आणि कोणी खिडकी ओढली की नेट जातं आणि दोष पावसाला देता येतो. गंमत अशी की वाकण्याचा फटका लांब तरंगलांबीला जास्त बसतो. घरात येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा, त्यामुळे आधी मार खातं ते तुमचं डाउनलोड.

दिवाळीच्या साफसफाईत फायबरची पिन काढून टोकावर बोट फिरवा आणि तोंडाने फुंकर मारा. बोटाचं तेल आणि फुंकरेतली वाफ त्या ९ मायक्रॉनपुढे भिंतीसारखी उभी राहते. जाणकार त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड लावतात, तुम्ही धोतराचं फडकं घ्या. हिरव्या टोपणाची पिन निळ्या सॉकेटमध्ये बसत असेल तर बसवा. हिरवीचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळीचं तसं नसतं, मधे हवेची फट राहते आणि काही डेसिबल हकनाक जातात. खटका वाजला ना, मग झालं. एक गोष्ट मात्र थट्टेतही करू नका: उजेड येतोय का हे पाहायला पिनेला डोळा लावू नका. तो अवरक्त लेझर आहे, दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

अ‍ॅडॅप्टरचं फार मनावर घेऊ नका. पिन बसली की वीज पोचतेच. मॉडेमच्या मागे १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असताना माळ्यावरच्या खोक्यात सापडलेला १२ व्होल्ट अर्ध्या अँपिअरचा लावलात तर सकाळी सगळं ठीक चालेल. संध्याकाळी चार फोन आणि टीव्ही जोडले गेले की मॉडेम मधेच मान टाकेल, पुन्हा उठेल, पुन्हा टाकेल. याला तुम्ही "संध्याकाळी लोड येतो हो त्यांच्याकडे" म्हणायचं. २ अँपिअरचा लावून चालत नाही अशी समजूतही जपा. व्होल्ट आणि पिनेची ध्रुवता तीच असेल तर जास्त अँपिअरचा बिनधास्त चालतो, पण हे कळलं तर प्रश्न दीडशे-दोनशे रुपयांत सुटेल.

वीज गेल्यावर नेट का जातं यावर मात्र मनसोक्त वाद घाला. गुरुवारी पाणी नसणार हे पुणेकर गृहीत धरतो, पण वीजही गेली आणि इन्व्हर्टर असून नेट बंद, हे त्याला सोसत नाही. फायबर थेट घरात आलं असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, मॉडेम इन्व्हर्टरवर घेतला की बहुतेक वेळा भागतं. पण गच्चीवरच्या स्विचपासून लॅन केबलने कनेक्शन दिलेलं असेल तर तो स्विच लिफ्टच्या खोलीतल्या सॉकेटवर असतो, आणि तिथे इन्व्हर्टर नसतो. तुमच्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे ते विचारू नका.

रीस्टार्ट आणि रीसेट यांत फरक करू नका. बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं हे रीस्टार्ट, याने काही बिघडत नाही, म्हणून त्यात मजा नाही. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरणं हे रीसेट. याने वायफायचं नावच काय, कंपनीने भरलेला युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नावाच्या जोडणीच्या सेटिंगचा आकडासुद्धा पुसून जातो, आणि किरकोळ अडथळ्याचं रूपांतर दोन दिवसांच्या बंदमध्ये होतं. मुलाच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री हा प्रयोग विशेष रंगतो.

वायफायची सेटिंग उघडलीतच तर २.४ गिगाहर्ट्झला चॅनल ३ निवडा. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तिसरा घेतला की १ वाले आणि ६ वाले दोघेही शेजारी एकदम हैराण होतात, आणि अर्थात तुम्हीही. चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ करा, म्हणजे कोणी सुटायला नको. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो पण भिंतींना दबतो. तेव्हा फोन दोन खोल्या पलीकडे असताना हट्टाने त्यावरच रहा आणि मॉडेमशेजारी बसल्यावर २.४ वर या. मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, मीटिंगच्या वेळी भात गरम करायला ठेवा. रिपीटर घेतलात तर ज्या खोलीत अजिबात सिग्नल नाही तिथेच लावा. जे येतच नाही ते तो इमानाने पुढे पाठवेल.

लॅपटॉपला लॅन केबल जोडून बघण्याचा मोह मात्र आवराच. केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर निम्मा आला तर दोष तुमच्या घरातला ठरतो, आणि कंपनीला शिव्या देण्याचा नैतिक आधार जातो. जोडलीच तर आठपैकी चारच तारा धड असलेली जुनी केबल घ्या. ती १०० एमबीपीएसवर अडते, स्पीड टेस्ट ९४ दाखवते, आणि ३०० च्या प्लॅनचे पैसे भरणारा माणूस महिनाभर भांडतो. जुन्या राउटरचं १००चं पोर्ट असलं तरी हाच आकडा येतो. १०० एमबीपीएसला सिनेमा सेकंदाला बाराच मेगाबाइटने उतरतो म्हणून फसवणुकीची तक्रार करा, बिटचे बाइट करायला आठने भागायचं असतं हे कोणी सांगू लागला तर फोन ठेवा. तशी सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएसही ब्रॉडबँडच आहे, पण हा मुद्दा कंपनीच्या हाती लागू देऊ नका.

दिलेल्या पत्त्याकडून उत्तर येतं का हे पाहणारी पिंग नावाची एक आज्ञा कॉम्प्युटरवर असते, तिच्या नादी लागू नका. १९२.१६८.१.१ कडून, म्हणजे मॉडेमकडून, उत्तर नाही तर घोळ तुमच्या आणि मॉडेमच्या मधे. ते येतं पण ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्याकडून येत नाही, तर मॉडेमच्या पलीकडे. दोन्ही येतात आणि फक्त साइटचं नाव टाकल्यावर काही उघडत नाही, तर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा गोंधळ, तो मॉडेममध्ये १.१.१.१ भरून बहुधा मिटतो. तीन ओळींत बिघाडाचा पत्ता लागतो, तोही फुकट. असल्या गोष्टींनी केबलवाल्याचं पोट कसं भरणार?

शेजाऱ्यांचं नेट चालू आहे का हेही विचारू नका. सगळ्या मजल्यांवर एकदम गेलं असेल तर रस्ता खणताना फायबर तुटलं असेल, पावसाळ्याआधीच्या फांदीछाटणीत गेलं असेल, किंवा मिरवणुकीला आडवी येणारी केबल कोणीतरी बांबूने वर करताना जॉइंट सुटला असेल. अशा वेळी घरी माणूस बोलावून उपयोग नसतो, म्हणून आग्रहाने बोलवा. आणि दुपारी दोनला बोलवा, म्हणजे तो बेल वाजवेल आणि तुम्ही उघडणार नाही.

तक्रारीचा नंबर लिहून घेऊ नका. माणूस आलाच तर हातातल्या पॉवर मीटरवरचा आकडा विचारू नका, मॉडेमला जोडलेली फायबरची छोटी दोरी, म्हणजे जुनी पॅचकॉर्ड, बदलली का तेही नको. तो म्हणेल, "काकू, एक ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा." तो तक्रार बंद करण्याचा ओटीपी असतो. स्पीड टेस्ट लावायच्या आत, लाल दिवा विझायच्याही आत, चहा ठेवत ठेवत तो मोठ्याने वाचून दाखवा.