कॅप्लन यांच्या वाट्याला आलेला विरोध लेखात हवा होता

कॅप्लन यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. अमेरिकेतले रब्बी (ज्यू धर्मगुरू) मॉर्डेकाय कॅप्लन यांचा ‘ज्यू धर्म ही सतत वाढत जाणारी संस्कृती आहे’ हा विचार छान उलगडला आहे. पण हे सगळं किती सहज घडलं, असं वाचताना वाटतं. तसं ते नव्हतं.

मार्च १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीचा, ज्युडिथचा बात मित्झ्वा, म्हणजे मुलगी धार्मिकदृष्ट्या सज्ञान झाल्याचा सोहळा झाला. तोवर अमेरिकेत मुलीला असा मान मिळत नसे. तरीही तिला तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळीजवळ उभं केलं नाही. थोडं अंतर राखून, हातातल्या छापील पुस्तकातून तिने वाचलं. बदल असाच होतो, अर्धं पाऊल टाकून. पुढे १९४५ मध्ये कॅप्लन यांनी प्रार्थनापुस्तकातून ‘ईश्वराने निवडलेले लोक’ ही कल्पनाच काढून टाकली. सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केलं, पुस्तकाची प्रतही जाळली गेली. एका प्रार्थनेसाठी एवढी किंमत मोजणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि आपल्या मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी ज्यूंची संस्था सुरू केली, तिच्यावरही सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.