‘१२५ टक्के विश्वास’ म्हणजे काय रे दादा?

कराडला माझ्या मावसभावाचं भांड्यांचं दुकान आहे. २०२५ ची दिवाळी संपून चार दिवस झाले नाहीत तोच त्याचा फोन. बँकेत निघालो होतो म्हणाला, सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेतून लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा) पाच लाखांनी वाढवून घेतो, माल भरायचाय. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, त्याआधी भांडीवाले माल भरतातच. पण पाच लाख? तर म्हणे, “अगं, रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. थांब, पाठवतो तुला.”

पाठवलं. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ हा शिक्का, मग तिरंगा, मग तीन रॉकेटं. मजकूर थोडक्यात असा: रिझर्व्ह बँकेच्या सर्व्हेनुसार भारतीयांचा विश्वास १२५ टक्के, अमेरिकेचा फक्त ५५. दहापैकी आठ घरांनी खर्च वाढवलाय, म्हणजे सुबत्ता आली. घरखर्च अकरा वर्षांत अडीचपट झाला. यूपीआयचे महिन्याला २,००० कोटी व्यवहार होतात. शेवटी, “व्यापारी बंधूंनो, लोकांच्या खिशात पैसा आहे, आता थांबू नका.”

हाच मजकूर मला आधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता. तेव्हा मी पुढे सरकले. आता घरातलाच माणूस त्यावर कर्ज काढायला निघाला म्हटल्यावर गप्प बसवेना.

१२५ टक्के. शंभर माणसांतली सव्वाशे आशावादी कशी असतील, एवढा तरी प्रश्न पडायला हवा होता. हे टक्के नाहीतच. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी काही हजार शहरी कुटुंबांना पाच गोष्टी विचारते: एकूण आर्थिक परिस्थिती, नोकऱ्या, भाव, स्वतःची कमाई आणि खर्च. वर्षापूर्वीच्या तुलनेत आज कसं आहे आणि वर्षानंतर कसं असेल, असं दोनदा. बरं म्हणणाऱ्यांतून वाईट म्हणणारे वजा करायचे, पाचांची सरासरी काढायची, तिच्यात १०० मिळवायचे. समजा शंभर घरांपैकी ६० म्हणाली सुधारेल, २० म्हणाली बिघडेल, २० म्हणाली आहे तसंच. उरले अधिक ४०, म्हणजे १४०. हा आकडा शून्यापासून २०० पर्यंत कुठेही जाऊ शकतो. १०० म्हणजे काठावर, बरं म्हणणारे आणि वाईट म्हणणारे सारखेच.

बरं, तो १२५ आहे पुढच्या वर्षाच्या अपेक्षेचा, सप्टेंबर २०२५ च्या फेरीतला. त्याच फेरीत ‘आज कसं चाललंय’ याचा आकडा आहे ९६.९, काठाच्या खाली. २०१९ च्या मध्यापासून या फेरीपर्यंत तो काठाच्या खालीच राहिला. एका पानावर दोन आकडे शेजारी शेजारी आणि फॉरवर्डवाल्याला नेमका एकच दिसला. डोळ्यांचा डॉक्टर सुचवावा म्हणते.

अमेरिकेशी तुलना तर त्याहून भारी. तिथला ग्राहकांच्या विश्वासाचा आकडा मिशिगन विद्यापीठ काढतं, तो १९६६ सालाला १०० धरून काढतात. म्हणजे ५५ चा अर्थ १९६६ च्या मानाने किती. आपला काठ वेगळा, त्यांचा वेगळा. एकाचं वजन किलोत, दुसऱ्याचं रत्तलात, आणि जाड कोण ते आपण ठरवतोय. शिवाय जून २०२२ मध्ये तो आकडा ५० पर्यंत घसरला, पेट्रोलच्या नावानं लोक बोटं मोडत होते, तरी अमेरिकन माणूस खरेदी करतच होता. लोकांना काय वाटतं आणि लोक काय विकत घेतात, यांची गाठ दरवेळी पडत नाही.

माणूस पुढच्या वर्षाबद्दल नेहमीच आजच्यापेक्षा बरं बोलतो, हेही लक्षात घ्या. मार्च २०२१ च्या फेरीत आजचा आकडा ५३.१ होता आणि पुढच्या वर्षाचा १०८.८. लोक म्हणत होते, सुटलो आता. दोन महिन्यांत दुसरी लाट आली, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी माणसं रांगेत उभी राहिली. त्या मे महिन्यात आजचा आकडा ४८.५ वर आपटला, पण पुढच्या वर्षाचा तेव्हाही ९६.४! ही आशा आहे, खोटी नव्हे. पण तिच्या भरवशावर सीसी काढायची?

आता तो खर्चाचा मुद्दा. हा नुसता चुकीचा नाही, घातक आहे, आणि दादाला नेमका तोच पटला होता.

खर्च वाढल्याचं सांगणारी घरं बहुसंख्य असतात हे खरं, दर फेरीत असतात. मात्र ती का सांगतात? माझंच घर घ्या. आम्हाला महिन्याला पाच लिटर तेल लागतं, गेल्या वर्षी लागत होतं तेवढंच. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, डबा महागला. उद्या सर्व्हेवाला दारात आला तर ‘भाव वाढले का?’ याला मी हो म्हणणार, आणि ‘खर्च वाढला का?’ यालाही हो. पहिल्या उत्तराला माझी जमा निराशावाद्यांत, दुसऱ्याला आशावाद्यांत. तेलाचा डबा तोच. त्या सर्व्हेत खर्च वाढणं ही चांगली खूण धरतात, भाव वाढणं वाईट. रिझर्व्ह बँक यात फसवत नाही, ती प्रत्येक प्रश्नाचा तक्ता वेगळा देते. त्यातही आवश्यक खर्च निराळा आणि अनावश्यक खर्च निराळा. वाढ सांगणारे आवश्यकमध्ये नेहमी कितीतरी जास्त असतात. किराणा, औषधं, शाळेची फी, भाडं. दादाचा डिनर सेट दुसऱ्या तक्त्यातला. फॉरवर्डमध्ये पहिल्या तक्त्याचा आनंद आणि दुसऱ्या तक्त्याची खरेदी, अशी गंमत आहे.

“पण महागाई तर कमी झालीय म्हणतात,” दादा मध्येच म्हणाला. झालीय. सप्टेंबर २०२५ चा सरकारी दर दीड टक्क्याच्या आसपास आहे. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्याच दुसऱ्या सर्वेक्षणात कुटुंबांना वाटणारी महागाई सात टक्क्यांच्या वर आहे. गिऱ्हाईक यातला कुठला आकडा मनात धरून तुझ्या दुकानाची पायरी चढतं, ते तूच सांग.

खर्च अडीचपट झाल्याचा मुद्दा. सरकारच्या घरखर्च पाहणीत २०११-१२ मध्ये गावाकडे माणशी महिना खर्च १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३. भागाकार बरोबर आहे, अडीचपटीहून जास्तच येतो. पण त्याच पाहणीत पुढच्या रकान्यात तो ३,७७३ जुन्या भावांत मोजून दाखवलाय: २,००८ रुपये. म्हणजे अकरा वर्षांत खरी वाढ साधारण ४० टक्के. शहरांत २,६३० चे ६,४५९ झाले, जुन्या भावांत ३,५१०, म्हणजे तेहतीस-चौतीस टक्के. वाढ आहे, मी नाकारत नाही. अडीचपट नाही.

यूपीआय: ऑगस्ट २०२५ मध्ये व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले, खरं आहे. पूर्वी दहाची नोट देऊन घेतलेला चहा आता स्कॅन करून घेतात. तो चहाच.

आणखी एक, हे फॉरवर्डात नाही पण दादाच्या कामाचं. हा सर्व्हे १९ शहरांत होतो. महाराष्ट्रातली त्यात दोन, मुंबई आणि नागपूर. पुणंसुद्धा नाही (पुणेकरांना हे आपण सांगूया नको). ग्रामीण आणि निमशहरी भागाचं सर्वेक्षण रिझर्व्ह बँक आता वेगळं करते, पण १२५ हा आकडा त्यातला नव्हे. कराडचं गिऱ्हाईक या आकड्यात औषधालाही नाही.

आता थोडं कबूल करते, नाइलाजानं. ४८.५ वरून ९६.९ ही चढण लहान नाही, आणि आजचा आकडाही त्या वर्षभरात थोडा वर सरकला. व्याजदर उतरलेत, बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर गेलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, ते तर दादाच्या गल्ल्यालाच लागू आहे. बाजार जरा बरा असेल असं मलाही वाटतं. फॉरवर्डवाल्यानं एवढंच लिहिलं असतं तर मी हा खटाटोप केला नसता.

हे सगळं फोनवर सांगून झालं. दादा गप्प. मग म्हणाला, “तुझे आकडे राहू देत. मी काय बघू ते सांग.” मी म्हटलं, गेल्या लग्नसराईची वही बघ.

संध्याकाळी त्यानंच फोन केला. वही काढून बसला होता. पूर्वी आंदणाची भांडी एकाच घरानं एकदम न्यायची: पातेल्यांची उतरंड, पिंप, हंडा-कळशी, डबे, आणि मशीनवर नाव घालायला दुकानात पोरगा दोन-दोन तास बसलेला असायचा. गेल्या वर्षी नाव घालायची भांडी घरटी पाच-सात. मोड आणून देणारे वाढलेत, जुनं तांबं-पितळ घालायचं आणि वर थोडे पैसे टाकून स्टील न्यायचं. ताट-वाटी, कुकर, तवा खपलेत. डिनर सेट आणले चोवीस, त्यातले अकरा अजून माळ्यावर, खोक्यांसकट. उधारीच्या पानांवर तो फार बोलला नाही.

लिमिट आहे तेवढीच ठेवली त्यानं. ताट-वाट्या आणि कुकर भरले, डिनर सेट नाही.

“बरं, ते फॉरवर्ड तुला पाठवलं कुणी?” मी विचारलं.

“होलसेलवाल्याचा माणूस नाही का येत,” तो म्हणाला, “डिनर सेटची ऑर्डर घ्यायला.”